एका पुस्तकाभोवती पाच पोट्टे

आपल्या मुलांना वाचता येऊ नये असा बेत कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी बसून केलेला आहे. कोणी, ते मला माहीत नाही. नाव कळलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडलो असतो. मुलं एका खोलीत कोंबायची, त्यांना एका सुरात ओरडायला लावायचं आणि त्या ओरडण्याला 'वाचन' म्हणायचं, ही युक्ती ज्याने काढली तो माणूस कधी शाळेत गेला नसावा. किंवा शाळेतून कधी बाहेर पडला नसावा.

मी असं बोलायला लागलो की आमच्या बैठकीतले मित्र म्हणतात, "ते झालं. तू किस्सा सांग." शाळेतले किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे असतात. रोज झाडले तरी रोज साठतात, आणि थोडे कोटाला चिकटून घरी येतात. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाजवळ, म्युनिसिपालटीच्या शाळेत मी पहिलीला शिकवायला लागलो तेव्हापासून माझ्या कोटावर बरीच भुकटी बसली आहे. आज थोडी झटकतो. अर्थ मात्र मला विचारू नका. बहुतेक किश्शांचा अर्थ मलाच लागलेला नाही.

* * *

मी मूळचा अमरावतीचा. वडील वकील, आजोबा वकील, भिंतीवरच्या फोटोतले पणजोबासुद्धा काखेत कागद धरून बसलेले. बी. ए. झाल्यावर मी नागपूरला जाऊन कायदा करावा असं घरात इतकं ठरलेलं होतं की कोणी मला विचारलंच नाही. मी म्हटलं, मी पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणार. आईने विचारलं, "पहिलीच्याच का? थोडी मोठी तरी घे."

अकोल्यात तर कोणाचा विश्वासच बसेना. शाळेच्या समोर इमामभाई शिंप्याचं दुकान आहे. त्याने एकदा मला थांबवलं आणि मशीन बंद करून हळूच विचारलं, "मास्तर, खरं सांगा. बी. ए. झालेले मानूस तुमी, वकिलाचे पोरगे, आन् बारक्या पोट्ट्यायले अ-आ शिकवून राहिले. अमरावतीले काही मारामारी गिन करून तं नाही आले?"

मी त्याला समजावून सांगितलं. वाचता येणं म्हणजे काय, देशाचा पाया म्हणजे काय, आणि तो पाया सहा-सात वर्षांच्या वयात कसा घातला जातो. बराच वेळ सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मान हलवली आणि म्हणाला, "होते बाप्पा, कधी कधी होते. आराम पडंल."

त्या दिवसापासून मी दुकानावरून जायला लागलो की तो उठून मला सावलीत स्टूल देतो.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी बबन नावाच्या मुलाला उभं केलं. मोराचा धडा. बबनने पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि धडा घडाघडा वाचला. एक चूक नाही. मी खूश झालो आणि जवळ जाऊन पाहिलं. पान गाईच्या धड्याचं होतं. चित्रात गाय, बोट गाईच्या शिंगांखाली, आणि तोंडात मोराचा पिसारा.

मी पुस्तक काढून घेतलं. बबन थांबला नाही. हवेत बोट फिरवत त्याने धडा शेवटपर्यंत नेला.

"बबन, पुस्तक तर माझ्याकडे आहे."

"असू द्या ना मास्तर," तो म्हणाला. "मले नाही लागत."

मी वर्गातल्या चाळीसेक मुलांना एकेक करून पाहिलं. सगळी बबन. मी रागाने हेडमास्तरांकडे गेलो.

आमचे हेडमास्तर पेन्शनीला आलेले, बारीक अंगाचे, हात मागे बांधून उभे राहणारे गृहस्थ. त्यांना खुर्ची आहे, पण ते तिच्यात क्वचितच बसतात. मी त्यांना माझी योजना सांगितली. कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात मी ती वाचली होती. वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट पाडायचे. मास्तरांनी एका वेळी एका गटाबरोबर जमिनीवर बसायचं, प्रत्येक मुलाचं वाचन कानाने ऐकायचं. तोवर बाकीचे गट आपापलं पाटीवरचं काम करतील किंवा आपापसात वाचतील.

"पुस्तकं किती लागतील?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक मुलाला एक."

हेडमास्तर हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. मग त्यांनी कपाट उघडलं, आतली पुस्तकं बाहेर काढली, झटकली आणि म्हणाले, "गटाला एक मिळेल. आणि तुमचं हे जे काही आहे ते शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येईपर्यंत चालवा. उन्हाळ्याच्या तोंडी ते परीक्षेला येतात. त्यांनी हो म्हटलं तर पुढे चालू. नाही म्हटलं तर पुन्हा सारे एका सुरात."

"पण सर, तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं मत दरवर्षी डिप्टीसाहेब लिहून जातात," हेडमास्तर म्हणाले.

* * *

गटांना पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर द्यायचे नाहीत, नाहीतर मुलांना आपण वरचे की खालचे हे कळतं, असं त्या मासिकात बजावून लिहिलं होतं. मला ते फार पटलं. मी गटांना फळांची नावं दिली. संत्री, केळी, पेरू, सीताफळ, बोरं वगैरे. सगळी फळं सारखी. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं माळ्यांची. नदीकाठच्या मळ्यांत भाजी, फळं, फुलं पिकवायची आणि सकाळी बाजारात विकायची, हा त्यांच्या घरचा धंदा. नावं फळ्यावर लिहून होईपर्यंत या मुलांनी गटांचा बाजारभाव लावून टाकला. संत्री सगळ्यांत वर, कारण संत्री नागपूरहून मुंबईला जातात. बोरं सगळ्यांत खाली, कारण बोरं कोणी विकत घेत नाही, ती कुंपणावरून तोडून खातात.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले पूजा सांगणारे भटजी तावातावाने वर्गात आले. "माझा मुलगा बोरात का?"

मी म्हटलं, "गुरुजी, ही फक्त नावं आहेत."

"मग त्याला संत्र्यात घाला. फक्त नावच आहे ना?"

कॉलेजात तर्कशास्त्र हा माझा विषय होता. मी सगळी फळं पुसली आणि फुलांची नावं दिली. मोगरा, शेवंती, गुलाब, झेंडू वगैरे. भटजी समाधानाने गेले, कारण त्यांचा मुलगा गुलाबात आला.

मग दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या गटाने वर्गात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसकरं टाकली. मी विचारलं, हे काय? सारजा नावाची माळ्याची पोरगी उभी राहिली. तिच्या आईचं बाजारात दुकान. ती म्हणाली, "मास्तर, आज बजारात झेंडूच महाग हाये. गुलाबाले कोनी पुसून नाही राहिलं."

भटजींचा मुलगा रडत घरी गेला. संध्याकाळी भटजी पुन्हा आले.

* * *

या सारजेबद्दल थोडं सांगायला हवं. पहाटे ती आईबरोबर भाजीची पाटी घेऊन बाजारात जायची आणि तिथून परस्पर शाळेत यायची. त्यामुळे रोज उशीर. केसांत कोथिंबिरीची पानं अडकलेली.

आमच्याकडे बेंच नाहीत. मुलं घरून पोत्याचा तुकडा आणतात, त्याला बसकर म्हणतात. एकदा ज्याचं बसकर जिथे पडलं, ती त्याची जागा. वर्षभर. त्यावरून मारामाऱ्या होतात, आया भांडायला येतात. तेव्हा मी जागांच्या भानगडीत पडत नसे. पुस्तक गटाच्या मध्ये जमिनीवर असायचं. जो दांडगा तो पुस्तकाच्या बरोबर पुढ्यात, दोघं उजव्या-डाव्या बाजूला, एक कोपऱ्यात आणि सगळ्यांत शेवटी येणारी सारजा पलीकडे, समोर.

पण पोरगी हुशार. दिवाळीच्या सुमारास मला दिसलं की तिच्या गटातला मुलगा वाचताना अडखळला की सारजा पलीकडून शब्द सांगते. पाठ म्हणून नव्हे. मी मुद्दाम न शिकवलेलं पान उघडून पाहिलं. सांगितला शब्द. मी त्या दिवशी शाळेतून बाहेर पडल्यापासून नदीचा पूल ओलांडेपर्यंत एकटाच हसत होतो. इमामभाईने ते पाहिलं आणि काळजीने मान हलवली.

तिचा बाप किसन एकदा मळ्याकडे जाताना शाळेच्या दाराशी उभा राहिला. जोडे बाहेर काढून आत आला. "मास्तर, एक इचारतो. पोरीले खरंच वाचता येऊन राहिलं का?"

"येतं. तुमच्या सगळ्या घरात कोणाला आलं नसेल असं."

"घरात तं कोनालेच नाही येत," किसन म्हणाला. "तिची माय म्हनते, दुकानावर बसव. मी म्हनतो, डिप्टीसाहेब येते, त्यानं पास केलं तं दुसरीत बसंल. नाही केलं तं दुकानावर बसंल. आता आपल्याले काय समजते? तो साहेब सांगंल ते खरं."

मी त्याला म्हटलं, डिप्टीसाहेबांची काही गरज नाही, मी सांगतो ना. किसनने माझ्याकडे दयेने पाहिलं. इमामभाई पाहतो तसंच. मला वाटतं, ते दोघं माझ्याबद्दल बोलत असावेत.

* * *

मग मनातल्या मनात वाचण्याचा दिवस आला. मासिकात लिहिलं होतं की ओठ न हलवता वाचता येणं हे खऱ्या वाचनाचं लक्षण. मी सगळ्या गटांना सांगितलं, "आज आवाज करायचा नाही. डोळ्यांनी वाचायचं." मुलांना तो खेळ वाटला. बाजूच्या दुसरीच्या वर्गाला कळलं, त्यांनीही तोंड मिटलं. मग तिसरीने. काही मिनिटांत सबंध शाळा गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला. मी खिडकीत उभा राहून विचार करत होतो की वऱ्हाडात असं कधी झालं नसेल.

खरंच झालं नव्हतं. जुन्या शहरात लोक घड्याळ पाहत नाहीत, शाळेचा गलका ऐकतात. भर दुपारी गलका थांबतो तो एकाच कारणाने: म्युनिसिपालटीतलं कोणी मोठं माणूस वारलं आणि शाळेला सुट्टी मिळाली. इमामभाईने मशीन थांबवलं, कान दिला आणि विचार केला, कोण गेलं असेल. आमच्या भागाचे मेंबर बापूसाहेब वकील चार दिवस तापाने पडून होते. इमामभाईने दुकानाच्या फळ्या लावल्या. त्याचं पाहून पानवाल्याने लावल्या. मग किराणावाल्याने.

बापूसाहेबांचा ताप त्या सकाळीच उतरला होता. ते ओसरीवर मऊ भात खात बसले होते. डोक्यावरच्या टोप्या काढून माणसं अंगणात जमायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

पानवाला म्हणाला, "मालक, तुमीच गेले म्हनते."

संध्याकाळी बापूसाहेब शालीत गुंडाळून शाळेत आले. "ही शाळा आहे की मसणवाटा? पोरांचा आवाज गल्लीत आला पाहिजे. नाहीतर म्युनिसिपालटी शिक्षणावर खर्च करते हे लोकांना कळायचं कसं? हे गट-बिट बंद करा."

मी बोलायला तोंड उघडलं. हेडमास्तरांनी मागे बांधलेल्या हाताने मला गप्प राहण्याची खूण केली आणि म्हणाले, "बापूसाहेब, डिप्टीसाहेब येऊ द्या. ते जे लिहितील ते."

बापूसाहेब जाता जाता थांबले आणि जरा हळू आवाजात विचारलं, "माणसं बरीच आली होती, नाही?"

* * *

आता हेडमास्तरांचं एक गूढ, जुन्या मास्तरांनी मला सांगितलेलं. डिप्टीसाहेब शाळा तपासून झाली की हेडमास्तरांच्या टेबलावर बसून शेराबुकात शेरा लिहितात. शाई वाळली की पान मिटतात, चहा घेतात आणि निघतात. बुक मग रीतसर उघडलं जातं आणि शेरा सगळ्यांना वाचून दाखवला जातो. पण हेडमास्तरांना तो त्याआधीच ठाऊक असतो. साहेब चहा घेत असतानाच ते बाहेर येऊन एकेका मास्तराला हळूच सांगून जातात: "तुमचं अक्षर सुधारा म्हणतात," "तुमचं गणित बरं आहे म्हणतात." बुक उघडलं की शब्द न् शब्द तोच.

तिसरीच्या मास्तरांचं म्हणणं, साहेबांची आणि यांची आतून ओळख आहे. चौथीचे मास्तर गुरुवारचे उपास करतात. त्यांचं म्हणणं, हेडमास्तरांना सिद्धी आहे. मी बी. ए., मी यांतलं काही मानत नाही. मी सरळ हेडमास्तरांनाच विचारलं. ते म्हणाले, "अनुभव."

मला काही उलगडा झाला नाही.

* * *

आणि आता तो दिवस.

डिप्टीसाहेब पुण्याकडचे. स्वच्छ कोट, स्वच्छ मराठी, माणूस सौम्य. सोबत त्यांचा म्हातारा चपराशी गणपत, आमच्याच वऱ्हाडातला, साहेबांची छत्री आणि दौत सांभाळणारा. बापूसाहेबांनी साहेबांच्या कानावर आधीच सगळं घातलं असावं, कारण आल्याबरोबर साहेब म्हणाले, "ते गटवाचन काय आहे ते मला आधी पाहू द्या." परीक्षा हेडमास्तरांच्या खोलीत ठेवली. साहेब खुर्चीत, पुढे टेबल, टेबलावर पुस्तक. दाराबाहेर बाकीचे मास्तर आणि आईबाप. त्यांत किसन होता, डोक्यावरची पाटी न उतरवता.

पहिला बबन. साहेबांनी त्याला आपल्या बाजूला उभं केलं. बबनने वाचलं, आणि या वेळी जे पान होतं तेच वाचलं. मी श्वास सोडला.

दुसरा मुलगा आला, त्याने मान उजव्या खांद्यावर पूर्ण आडवी केली आणि झकास वाचलं. साहेबांनी त्याला सरळ उभं राहायला सांगितलं. मान सरळ झाली, वाचन थांबलं. मान आडवी झाली, वाचन सुरू. तिसऱ्याने तेच केलं, फक्त डाव्या खांद्यावर.

"या मुलांना मानेचा काही विकार आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

मी "नाही" म्हटलं. ही मुलं रोज माझ्यापुढे बसत होती, आणि मी रोज पुस्तकाकडे आणि त्यांच्या ओठांकडे पाहत होतो.

मग सारजा. साहेबांनी फार मायेने तिला जवळ बोलावलं, खुर्चीशेजारी उभं केलं. पुस्तक तिच्यापुढे सरळ ठेवलं. "वाच बाळ."

सारजा पुस्तकाकडे पाहत राहिली. तिने मान उजवीकडे केली, डावीकडे केली. ओठ हलले, आवाज आला नाही.

"घाबरू नकोस. हा पहिला शब्द वाच."

दारात किसनने पाटी डोक्यावरून उतरवून खाली ठेवली. साहेब माझ्याकडे वळले. रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, "मास्तर, तुमची तळमळ मला दिसते. पण या मुलीला अक्षरओळख नाही."

तेवढ्यात सारजा निघाली. मला वाटलं, पळाली. पण ती दाराकडे गेली नाही. टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली, साहेबांच्या बरोबर समोर उभी राहिली, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि साहेबांपुढे सरळ पडलेलं ते पुस्तक तिथून वाचायला लागली. पान संपेपर्यंत थांबली नाही. मग हात लांब करून तिने पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.

साहेबांनी पुस्तक बाजूला सारलं. बॅगेतून आपलं वर्तमानपत्र काढलं, स्वतःपुढे पसरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सारजेने समोरून ती ओळ वाचली. 'मध्यप्रांत' या शब्दाशी जरा थांबली, मग तोही गेला. साहेबांनी वर्तमानपत्र फिरवून तिच्याकडे सरळ केलं. सारजा गप्प झाली, वळसा घालून साहेबांच्या बाजूला आली आणि तिथून पुढची ओळ वाचली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मला जे आत्ताच कळलं होतं ते मी सांगितलं. एक पुस्तक, पाच मुलं, ज्याची त्याची जागा, आणि ही रोज उशिरा येऊन पलीकडे, उलट्या पुस्तकासमोर बसते. सांगताना माझे कान तापले होते. हे यश आहे की फजिती आहे, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही नक्की कळत नाही.

"म्हणजे हिला वाचता येतं," साहेब स्वतःशीच म्हणाले, "पण नियमाप्रमाणे मुलाने पुस्तक हातात सरळ धरून वाचलं पाहिजे. हिने सरळ धरलं की येत नाही. मी हिला काय म्हणू?"

हेडमास्तर टेबलासमोर, नेहमीच्या जागी, हात मागे बांधून उभे होते. दारातून किसन हळूच म्हणाला, "साहेब, पोरगी दुसरीत का दुकानावर, तेवढं सांगा. बजाराची वेळ हाये."

साहेबांनी शेराबुक ओढलं. गणपतने दौत पुढे केली आणि तो हेडमास्तरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. टाक कुरकुरू लागला. साहेब दोन ओळी लिहायचे, थांबायचे, छताकडे पाहायचे, पुन्हा लिहायचे. माझे सगळे गट, सगळी बसकरं, सारजेची दुसरी, सगळं त्या टाकाच्या टोकाशी होतं आणि मी साहेबांच्या मागे उभा होतो. मला फक्त त्यांचा खांदा दिसत होता.

साहेबांनी शेवटचा शब्द लिहिला. अजून सही व्हायची होती.

हेडमास्तरांनी लांब श्वास सोडला. ते वळले आणि म्हणाले, "सारजे, जा, तुझं बसकर उचल आणि दुसरीच्या वर्गात नेऊन टाक." मग माझ्याकडे पाहून, "मास्तर, गट चालू ठेवा. पण मुलांच्या जागा रोज बदलायच्या, बरं का."

सारजा पळाली. दाराबाहेर किसनने पाटी उचलली.

साहेबांचा टाक सहीवर थांबला. त्यांनी बुकातल्या ओल्या ओळींकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे. "मी अजून हे कोणाला वाचून दाखवलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

हेडमास्तर आपल्या जोड्यांकडे पाहायला लागले. तिसरीचे मास्तर, चौथीचे मास्तर, दारातले आईबाप, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

गणपतने दौतीचं झाकण लावलं.

"साहेब," तो म्हणाला, "टेबलाच्या या बाजूले उभे राहनाऱ्या साऱ्यायलेच तसं वाचता येते."